पूर, गोदाम आणि दावणीची जनावरे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस यंदा ‘धान्य व्यापारातील बदलते प्रवाह’ या विषयावर लिहावयास सांगितले होते. त्या विषयावर लिहिणारे अधिकारी पुरुष आपल्या संस्थेत पुष्कळ आहेत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व अनुभव गोदामाच्या चार भिंतींतला. तेव्हा त्या गोदामासंबंधीच, परंतु निराळ्या अंगाने, चार शब्द लिहावेत असे मनाने घेतले. मंडळाने त्यास अनुमती दिली याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आमचे परसवाडा हे बालाघाट जिल्ह्यातील घाटावरचे गाव. येथे वैनगंगेचे पाणी येत नाही. ती खाली, बालाघाट शहराजवळून वाहते. सिवनी जिल्ह्यात उगम पावून, बालाघाटातून गोंदिया-भंडाऱ्याकडे उतरणारी ही नदी आम्हां धान्यवाल्यांची अन्नदात्रीच म्हणावयास हवी, कारण तिच्या दोन्ही तीरांवरील बांध्यांत जो धान पिकतो त्यावरच आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे तराजू चालत आले. घाटावर राहणाऱ्या मनुष्यास पूर ही गोष्ट वर्तमानपत्रातील वाटते. आम्हांसही ती तशीच वाटत होती.

सन २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस पावसाने खंड घेतला नाही. सिवनी जिल्ह्यातील भीमगड धरणाची, ज्यास संजय सरोवर असेही म्हणतात, दारे उघडावी लागली आणि वैनगंगा फुगली. पुढे २९ ऑगस्टपासून भंडाऱ्यात पाणी शिरले, गोसीखुर्दची तेहतीसच्या तेहतीस दारे उघडली गेली आणि खाली चंद्रपूर-गडचिरोलीकडील गावे पाण्याने वेढली गेली, हे सर्व वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षी कोरोनाचा कहर होता. देवळांची दारे बंद होती. दशलक्षण पर्व चालू होते व आम्ही घरीच बसून स्वाध्याय करीत होतो.

आमच्याकडे तीस वर्षांपासून माप घालणारा एक मापारी आहे. त्याचे घर बालाघाटच्या खालच्या अंगास, नदीकाठच्या एका खेड्यात. घरी बायको, दोन मुले व म्हातारी आई. गोठ्यात एक म्हैस, दोन बकऱ्या. शिवाय म्हातारीच्या पायांत घोटाळणारा एक पिवळा गावठी कुत्रा. २८ तारखेस दुपारी त्याचा दूरध्वनी आला की पाणी वाढत आहे, मंडळींस हलवावे असे गावात म्हणतात. आम्ही तत्काळ आमची मालवाहू गाडी पाठविली. येथवर सर्व ठीक होते. परंतु गाडी निघतेवेळी त्याने विचारले, “शेठजी, माणसं तर येतील, पण ढोरांचं काय?” आणि आम्ही उत्तर दिले की माणसेच आणा, गोदामात धान्य आहे, तेथे जनावरे चालावयाची नाहीत.

हे उत्तर आम्ही विचार करून दिले नव्हते. ते तोंडातून आपोआप निघाले, जसे उधारी मागावयास आलेल्या नव्या गिऱ्हाइकास ‘उद्या या’ हे निघते.

गाडीतून सून व मुले आली. म्हातारी आली नाही. आमच्या चालकास ती म्हणाली, “म्या नाही येत. कुत्र्याले भाकर कोण देईल?” आई राहिली म्हणून मुलगाही राहिला. रात्री पाणी गोठ्यात शिरले. गुडघाभर पाण्यात उतरून तो दावी सोडू लागला, पण भिजून फुगलेली सुंभाची गाठ हातांनी सुटेना आणि अंधारात विळा सापडेना. कशीबशी म्हशीची गाठ सुटली. बकऱ्यांची सुटली नाही. मग त्याने आईस कौलांवर चढविले. मागोमाग कुत्र्यासही वर ढकलले. सकाळी ढीवर मंडळी डोंगा घेऊन आली व तिघांस उतरवून घेऊन गेली. तिघांस म्हणण्याचे कारण असे की, डोंगेवाल्याने कुत्र्याविषयी काही विचारलेच नाही. तो आधी आत बसला आणि डोंगा निघाला. म्हैस दोन दिवसांनी खालच्या एका गावाच्या शिवारात चरताना सापडली. मोकळी म्हैस उत्तम पोहते, हे नदीकाठच्या पोरासही ठाऊक असते. बुडते ते बांधलेले जनावर.

आता आमच्या गोदामाची हकीकत सांगतो. मंडळी येथे पोहोचल्यावर त्यांची झोपण्याची सोय करण्यासाठी आम्ही गोदाम उघडले. आत तांदळाच्या दोन थप्प्या एका कोपऱ्यात होत्या. बाकी सारी जागा मोकळी होती. रिकामे बारदान, ताडपत्र्या, लाकडी पाट्या, एवढेच. ते असणारच होते. आमच्या भागात खरिपाचा धान कार्तिकात येऊ लागतो, चैत्र-वैशाखापर्यंत त्याची उलाढाल होते व श्रावण-भाद्रपदात गोदामे बहुधा ओस असतात. त्या पोटी आम्ही दरवर्षी कुरकुरतोही. म्हणजे ‘गोदामात धान्य आहे’ हे जे आम्ही सांगितले ते ज्या जागेविषयी सांगितले तेथे एक म्हैस, दोन बकऱ्या व एक कुत्रा यांच्यासारखी पन्नास जनावरे उभी राहिली असती. पर्वाचे दिवस होते, हे पुन्हा सांगत नाही.

क्षमावाणीच्या दिवशी आम्ही म्हातारीकडे गेलो व हात जोडले. ती म्हणाली, “मले कायची माफी मागता शेठजी, मी तं जिती आहो.” आणि कुत्र्यास पाणी द्यावयास उठली.

त्यानंतर हा विषय आमच्या मागे लागला. वाचनाची सवय नसलेल्या माणसाने वाचावयास घेतले म्हणजे जसे होते तसे झाले. एक वाचावे तो दुसरे निघे. प्रथम कळले ते हे की आमच्या मापाऱ्याचे घर काही जगावेगळे नव्हते. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णा-पंचगंगेचा महापूर झाला. सांगलीस आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेले. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. तेथे ते ५५ फुटांवर गेले. चार लाखांहून अधिक माणसे हलवावी लागली. त्या वेळी होड्या दाराशी येऊनही घर न सोडणारे जे शेतकरी होते, त्यांच्या हट्टाचे कारण पुष्कळ ठिकाणी गोठ्यात होते. होडीत माणूस बसतो, म्हैस बसत नाही. ज्याचे घर दोन म्हशींच्या दुधावर चालते त्यास ‘जीव वाचवा’ म्हणून सांगणे सोपे असते, पण जीव वाचल्यावर खावे काय हे सांगावयास होडीत कोणी नसते. गोकुळ दूध संघाचे संकलन त्या दिवसांत खंडित होऊन मुंबईपर्यंत दुधाची ओढ लागली, यावरून त्या गोठ्यांचे मोल ध्यानी यावे. तेथील लोक मात्र शिकले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढू लागले तेव्हा नदीकाठच्या अनेक गावांतून जनावरे पाणी येण्यापूर्वीच, रस्ता पायांखाली असतानाच, हलविली गेली. सारे मर्म या एका वाक्यात आहे. जनावर होडीने हलत नाही, पायांनी हलते, म्हणून त्याची वेळ माणसाच्या आधी येते. आम्ही उलट समजत होतो की माणसे आधी न्यावीत व वेळ उरल्यास जनावरांचे पाहावे.

परदेशांतही हाच धडा लोकांनी डोळ्यांत पाणी आणून शिकला आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरावर कॅटरिना नावाचे चक्रीवादळ आले ते २९ ऑगस्ट २००५ रोजी. आमच्या वैनगंगेच्या पुराच्या बरोबर पंधरा वर्षे आधी, हा केवळ योगायोग. तेथे शासनाच्या गाड्यांत व निवाऱ्यांत कुत्र्यामांजरांस मज्जाव होता. हजारो लोकांनी त्यासाठी घर सोडले नाही व त्यांतील काही त्यापायी प्राणास मुकले. एका लहान मुलाच्या हातून त्याचा पांढरा कुत्रा काढून घेण्यात आला आणि ते मूल रडून रडून ओकले, ही बातमी त्या देशभर गाजली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००६ मध्ये, तेथे कायदा झाला की ज्या राज्यास वा नगरास आपत्तीसाठी मध्यवर्ती सरकारचे साहाय्य हवे, त्याने आपल्या योजनेत पाळीव प्राण्यांचीही सोय दाखविली पाहिजे. पैशाचे नाव घेतल्यावर योजना कशी चटकन तयार होते, हे व्यापाऱ्यांस सांगणे नलगे.

जपानात मार्च २०११ मध्ये भूकंप, सागराची लाट व फुकुशिमाचा अणुवीज अपघात अशी तिहेरी आपत्ती आली. लोकांस वाटले, दोन दिवसांत परत येऊ. कुत्री साखळीस व गाई गोठ्यात बांधलेल्या तशाच राहिल्या आणि परत जाण्याची परवानगी मिळाली नाही. पुष्कळ जनावरे दावणीसच उपासाने मेली. दोन वर्षांनी त्या सरकारने मार्गदर्शन काढले की निघताना पाळीव प्राणी सोबतच न्यावा. मात्र निवाऱ्यात तो माणसांच्या अंथरुणाशेजारीच ठेवावा असा त्याचा अर्थ नाही, स्वतंत्र जागा असावी. हा विवेक आम्हांस फार पटला. ज्यांस जनावरांची भीती वा किळस वाटते त्यांचाही निवाऱ्यावर हक्क असतोच.

पण सर्वांत सोपी व गरिबास परवडणारी युक्ती आम्हांस बांगलादेशची वाटते. १९७० च्या नोव्हेंबरातील भयंकर वादळानंतर तेथे समुद्रकाठी मातीचे उंच ओटे रचण्यात आले. त्यांस ते लोक ‘किल्ला’ म्हणतात. पाणी चढू लागले की गुरे तेथे हाकलावयाची. तोफा नाहीत, बुरूज नाहीत, नुसता मातीचा ढीग, आणि तो किल्ला! आपल्या ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या वादळात चार लाखांहून अधिक जनावरे गेली, हे पाहता असा एक ढीग किती मोलाचा असतो ते उमगावे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमात आपत्तीची जी व्याख्या आहे तीत जीवितहानी, मनुष्याचे हाल, मालमत्तेची हानी व पर्यावरणाची हानी यांचा उल्लेख आहे. जनावराचा निराळा उल्लेख नाही. जनावर भरपाईच्या कोष्टकात येते. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या दरांत दुभत्या म्हशी-गाईस ३७,५०० रुपये, बैलास ३२,००० रुपये, शेळी-मेंढीस ४,००० रुपये आणि कोंबडीस १०० रुपये धरले आहेत. कुत्र्यामांजरांस दर नाही. आम्ही वह्या लिहिण्यात आयुष्य घालविले आहे. ज्या जिनसेस भाव नाही ती वहीत चढत नाही हे आम्ही जाणतो, व त्यात कोणास दोष देत नाही. पण त्या पिवळ्या कुत्र्यापायी दोन माणसे रात्रभर पाण्यात राहिली, हा खर्च कोणत्या खात्यावर टाकावा?

शासनाच्या मनात मुक्या जीवांविषयी दया नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनमध्ये युद्ध पेटले व आपले विद्यार्थी अडकले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी आपले कुत्रे-मांजर टाकून विमानात बसण्याचे नाकारले. भारत सरकारने त्या वेळेपुरते नियम शिथिल करून ते प्राणी सोबत आणू दिले. दुष्काळात तर महाराष्ट्रात १९७२ पासून गुरांच्या छावण्यांची परंपराच आहे. म्हणजे पाणी नसते तेव्हा आपण जनावरांस छावणी देतो. पाणी अति होते तेव्हाच ती आपणांस आठवत नाही. कारण उघड आहे. दुष्काळ महिन्यांनी येतो, पूर एका रात्रीत. छावणी रात्रीत उभी राहत नाही, ती आधीच उभी असावी लागते. आणि आधीच उभी असलेली, छपराची, उंच जोत्याची, फाटक असलेली अशी जागा कोणाजवळ असते? व्यापाऱ्याजवळ.

आपल्या समाजास पांजरापोळ सांगावयास नको. मुंबईचा पांजरापोळ १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा या दोघां व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने निघाला. त्याच्या दोन वर्षे आधी सरकारने रस्त्यावरील कुत्री मारण्याचा हुकूम काढल्यावरून मुंबईत दंगा उसळला होता. एक पारशी, एक आपला. आणि विषय रस्त्यावरची कुत्री. आज आपण मोठ्या गोशाळांस देणग्या देतो ते उचितच आहे, परंतु त्या गोशाळा पुराच्या रात्री नदीकाठच्या मापाऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचत नाहीत.

२०२१ पासून आम्ही जे करीत आलो ते सांगतो. यात चुका झाल्या, त्याही सांगतो.

श्रावण लागण्यापूर्वी गोदामाचे दोन खण आम्ही रिकामे ठेवतो. धान्यास कीड लागू नये म्हणून आपण थप्पीवर ताडपत्री घालून ज्या विषारी वायूच्या गोळ्या ठेवतो, त्यासंबंधी फार सावध असावे. तो वायू जनावरास व माणसास सारखाच घातक आहे. ज्या गोदामात गोळ्या चालू आहेत तेथे निवारा करूच नये. काम पूर्ण होऊन दारे-झरोके उघडून नीट हवा खेळल्यावरच ती जागा द्यावी. उंदरांचे विष उचलून न्यावे. पहिल्या वर्षी आम्ही ते विसरलो होतो आणि मापाऱ्याच्या धाकट्या मुलाने दाखविले म्हणून अनर्थ टळला. जनावरे गेल्यावर जमीन धुऊन, चुना मारून, पुरती वाळल्याशिवाय पोते ठेवू नये. धान्यास वास लागतो ही भीती खरी आहे, आणि दिवाळीपूर्वी आपणांस तेवढा अवधी मिळतोही.

वैरणीचा हिशेब सोपा आहे. मोठ्या जनावरास दिवसाला सुमारे सहा किलो तणस धरले तर दहा जनावरांस पाच दिवसांसाठी तीन क्विंटल पुरते. आमच्या भागात धानाच्या तणसाचा तोटा नाही. मात्र ते कोरडे हवे, बुरशीचे नको. पाणी प्रत्येकी चाळीस-पन्नास लिटर लागते आणि पुराच्या दिवसांत स्वच्छ पाणीच दुर्मिळ असते, तेव्हा टाकी आधी भरून ठेवावी. येथे एक इशारा. दयेच्या भरात आपले बंधू जनावरांपुढे तांदूळ, गव्हाची घुगरी, भाताच्या पराती ओततात. उपाशी म्हशीने एकदम पोटभर धान्य खाल्ले तर पोट आंबून ती दगावते. २०२२ साली आम्ही स्वतः एका गाईस कण्यांचे टोपले दिले व रात्री पशुवैद्यास बोलवावे लागले. गाय वाचली. तेव्हापासून तणस आधी, थोडी ढेप नंतर, आणि धान्य मुळीच नाही, असा फलक आम्ही दारावर लावला आहे. फलक लिहिणाऱ्याने ‘मुळीच’ हा शब्द लाल रंगाने लिहिला, तो आमच्याचसाठी असावा.

कुत्री व बकऱ्या एकत्र ठेवू नयेत, कोंबड्यांची डालगी उंचावर ठेवावीत, हे बायकांनी आम्हांस शिकविले. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घेतलेली असावी, कारण अनोळखी जनावरे दाटीने उभी राहिली की रोग पसरतो. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असला तर मालकीचे भांडण होत नाही व भरपाईच्या वेळीही अडत नाही. आजारी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक मागविता येते. एकदा ते वेळेवर आले, एकदा रस्ता बंद असल्याने आले नाही, दोन्ही सांगणे भाग आहे.

कोणी विचारील की परसवाडा घाटावर, पूर खाली. तुमच्या गोदामाचा उपयोग कितीसा? फार नाही. चार पावसाळ्यांत मिळून आमच्याकडे एकोणीस गुरे, थोड्या बकऱ्या व पाच-सहा कुत्री आली, तीही बहुतेक आमच्या हमालांच्या नात्यागोत्यांतील. म्हणूनच हा लेख. बालाघाट, वारासिवनी, गोंदिया, तुमसर, भंडारा येथे आपल्या सभासदांची गोदामे नदीपासून घटकाभराच्या वाटेवर, उंच जोत्यावर आहेत, आणि भाद्रपदात ती आमच्याइतकीच रिकामी असतात. प्रत्येकाने आपल्या गोदामाचे किती खण जुलै ते सप्टेंबर मोकळे राहतात, जोते किती उंच आहे व किल्ली रात्री कोणाजवळ असते, एवढ्या तीन गोष्टी ज्येष्ठ अखेरपर्यंत संस्थेच्या कार्यालयास कळवाव्यात. कार्यालयाने ती यादी तहसीलदारांकडे व गावोगावच्या सरपंचांकडे पोहोचवावी, अशी सूचना आम्ही आगामी सभेत मांडणार आहोत. तिसऱ्या प्रश्नास कोणी हसू नये. किल्लीवाला पाहुणपणास गेला म्हणून एका रात्री सात म्हशी आमच्या फाटकाबाहेर पावसात उभ्या होत्या.

आता किल्ली मापाऱ्याजवळ असते. त्याची म्हातारी गेल्या वर्षी वारली. पिवळा कुत्रा तिच्या आधी सहा महिने. नव्या गोठ्यात त्याने सुंभाऐवजी सुताच्या दोरीची, ओढताच सुटणारी सरकगाठ घातली आहे आणि दर खुंट्याच्या वर, हात पोहोचेल अशा उंचीवर, एकेक विळा टांगून ठेवला आहे.